झूमचा आकडा नाही, व्ह्यूफाइंडर बघा
पॅनासॉनिक टीझेड90 आणि कॅनन एसएक्स740 या दोन छोट्या कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा, यावर वर दोघांनी 'टीझेड90 चा झूम 30 पट, कॅनन एसएक्स740 चा 40 पट, मग कॅननच घ्या' असं सुचवलंय. मला नाही पटत. दोन्हींची लेन्स सुरू होते 24 मिमीलाच (हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). शेवटाला एक 720 ला थांबतो, दुसरा 960 ला. एवढा फरक फोटो थोडा क्रॉप करूनही भरून निघतो, त्यात टीझेड90 वर रॉ (म्हणजे नंतर हवा तसा सुधारता येणारा कच्चा फोटो) मिळतो, एसएक्स740 वर नाही. शिवाय पूर्ण झूमला कॅननचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) लहान होऊन एफ/6.9 वर येतं, म्हणजे ढगाळ हवेत आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) चढलाच आणि फोटो दाणेदार झालाच म्हणून समजा.

पण खरा मुद्दा इथे कोणी काढलाच नाही: व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची छोटी खिडकी. तो टीझेड90 ला आहे, कॅननला नाही. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा माझ्याकडे नुसत्या स्क्रीनचा कॅमेरा होता. सकाळचे साडेदहा, उन्हात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता! हात लांब धरून, होडी हलत असताना, पूर्ण झूमवर पक्षी चौकटीत आणायचा म्हणजे दिव्यच. शेजारी मेहुणा टीझेड90 डोळ्याला टेकवून आरामात टिपत होता. त्याचा व्ह्यूफाइंडर अगदी चिमुकला आहे, चष्मा असेल तर वैताग येतो, पण कॅमेरा कपाळाला टेकला की हात कमी हलतो, हे मात्र खरं. दुकानात जाल तेव्हा कॅमेरा दाराबाहेर उन्हात नेऊन बघा, आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसतात.