‘आय नोटिस्ड’ की ‘माझ्या लक्षात आलं’? तुमचे अनुभव सांगा

सहावीतल्या लेकीचा भाषांतराचा गृहपाठ घेत होते. वाक्य साधं : ‘दार उघडं असल्याचं माझ्या लक्षात आलं.’ ‘आय नोटिस्ड’ने सुरुवात कर, म्हटलं. तर ती म्हणाली, "आई, पण मी काहीच केलं नाही ना? ते आपोआप लक्षात आलं. मग ‘आय’ कसं?"

मला पटकन उत्तर सुचेना. आपल्याकडे गोष्ट लक्षात येते, ध्यानात येते, नजरेस पडते. येणारी ती, आपण नुसते जागेवर. इंग्रजीत मात्र कर्ता माणूसच. हे क्रियापद तुम्हाला कुठे अडलं, कुठे उमगलं ते लिहा. ऑब्झर्व, स्पॉटही चालतील.

*

गावी आजोबांना फोनवर म्हणाले, "मी नोटीस केलं, तुमचा आवाज बसलाय." ते घाबरले. "कुणाला नोटीस केलीस? जमिनीची का?" आमच्याकडे नोटीस येते ती तलाठ्याकडून नाहीतर वकिलाकडून. तेव्हापासून घरी ‘जाणवलं’च म्हणते.

*

इंग्लंडात नोकरीला लागलो तेव्हा साहेबांची मेल आली : ‘अहवाल अजून आला नसल्याचं मी नोटिस केलं.’ मला वाटलं, नुसतं कळवताहेत. दोन दिवस गेले. मग शेजारच्या सहकाऱ्याने समजावलं की ही तक्रार आहे, सौम्य शब्दांतली. आपल्याकडे "अहो, अहवालाचं काय झालं?" असं थेट विचारतात. तिथे ‘माझ्या नजरेला आलंय’ एवढं म्हटलं की पुढचं समोरच्याने ओळखायचं.

*

मी इंग्रजी शिकवते. ‘आय अ‍ॅम नोटिसिंग यू सिन्स मॉर्निंग’ हे वर्गात हमखास येतं, कारण मनात असतं ‘सकाळपासून बघतेय’. पण नोटिस हा क्षणाचा मामला. सकाळपासून चालतं ते वॉच, म्हणून ‘आय हॅव बीन वॉचिंग’. हळूहळू होणारा बदल सांगताना ‘आय अ‍ॅम नोटिसिंग’ चालतं, तेही मुलांना सांगते. आणि ऑब्झर्व म्हणजे दरवेळी निरीक्षण नव्हे. मौन, नियम, सण ऑब्झर्व करतात, तिथे आपलं ‘पाळणे’.

*

मुद्रितशोधनात आयुष्य गेलं, म्हणून एक भर. ‘नोटिस’ या क्रियापदावर खुद्द बेंजामिन फ्रँकलिनचा राग होता. १७८९ च्या डिसेंबरात त्याने कोशकार नोआ वेबस्टरला पत्र लिहून तक्रार केली, की नामापासून असली क्रियापदं काय पाडतात लोक! ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ही त्याच यादीत होते. तिन्ही आज राजरोस चालतात.

*

आरोग्य शिबिरासाठी एक प्रश्नावली मराठीत केली होती. स्तनातली गाठ ‘नोटिस’ केली का, असा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘आपण गाठीचे निरीक्षण केले आहे का?’ बायका भराभर ‘नाही’वर खूण करत गेल्या. बरोबरच होतं, निरीक्षण कोण करत बसतं? जेवणाच्या सुट्टीत मी ते खोडलं आणि तोंडी विचारायला लागले, "अंघोळ करताना गाठ हाताला लागते का हो, मावशी?"

सकाळी ‘नाही’ लिहून बसलेल्या एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, "लागते की. दुखत नाही म्हणून बोलले नव्हते."