पप्पांची शाळा आणि मम्मीच्या पाटल्या, काय करावं?

जतची_लेक:
सर्वांना सलाम. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझे पप्पा चर्चचे पाळक आहेत, जत तालुक्यात पार पूर्वेला, गाव संपलं की कर्नाटक. पोरं घरात कन्नड बोलतात आणि पहिलीत एकदम मराठी पुस्तक हातात येतं, मग दोन वर्षं नुसती बसून असतात, त्यात आईबाप ऊसतोडीला गेले की शाळा सुटलीच. म्हणून पप्पांनी सहा वर्षांपूर्वी देवळामागच्या (म्हणजे चर्चमागच्या) पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी काढली, आता चौथीपर्यंत 58 पोरं आहेत. मंडळीच्या, म्हणजे चर्चला येणाऱ्या लोकांच्या, मानधनात घरच कसंबसं चालतं, सुगीच्या अर्पणाला लोक ज्वारी आणतात, कोंबडी आणतात, पैसा कुठला आणणार. दोन्ही बाईंचे पगार चार महिने थकलेत.

मागच्या आठवड्यात मिरजेहून घरी गेले तर मम्मी भाकरी थापत होती आणि हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या कुठायत विचारलं तर म्हणाली काढून ठेवल्यात, पीठ अडकतं. रात्री पप्पांच्या बायबलमध्ये सोनेतारणाची पावती दिसली. भावाची डिप्लोमाची फी पण भरायचीय. काम चांगलंच आहे, त्या पोरांना घडाघडा वाचताना मी बघितलंय. पण आता पुढं काय, मंगळसूत्र?

सातारकर:
ताई, आमच्याकडं हे वाचल्यावर सगळ्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईच आठवणार. कर्मवीर अण्णांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात आणली, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई वहिनींनी एकेक करत दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. सोवळ्यात वाढलेली बाई सगळ्या जातीच्या पोरांची आई झाली. भाषणात हे सांगितलं की टाळ्या पडतात, पण त्या 1930 लाच गेल्या हे कोणी सांगत नाही. 1940 चं रयतचं सयाजीराव हायस्कूल त्यांनी बघितलंच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. आणि सोनं संपल्यावर संस्था उभी राहिली ती गावोगावच्या लोकांनी जमीन, धान्य, पैसा दिला म्हणून, पोरं स्वतः राबली म्हणून. तुमच्या गावानं अजून काय दिलंय ते पप्पांना विचारा. ज्वारी येतेय ना, मग ती शाळेच्या नावानं वेगळी मोजा.

सांगलीचा_हिशोबनीस:
भावनेचं वरच्यांनी लिहिलंय, मी कागदाचं बोलतो. शाळा कोणाच्या नावावर आहे? ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवलाय का? नसेल तर उद्या सगळं देणं पप्पांच्याच डोक्यावर. असेल तरी ट्रस्टसाठी असं खाजगी कर्ज काढायला धर्मादायची आधी परवानगी लागते, त्यामुळं घरचं सोनं गहाण टाकून पगार करायचे आणि नंतर संस्था परत देईल म्हणायचं, हे असं होत नाही. देऊळ, शाळा, घर, तीन वह्या आजच वेगळ्या करा. आणि मान्यता बघा, 2009 च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात बिनमान्यतेच्या शाळेला 1 लाखापर्यंत दंड आहे. हे आधी, बाकी नंतर.

पाळकबाई_आटपाडीकडची:
बाळा, मी पण पाळकाची बायको, 31 वर्षं. मंडळी पाळकाला विचारते, पाळक देवाला विचारतो, आम्हाला कोण विचारत नाही. तू मम्मीशी एकटीशी बोल, पप्पांच्या समोर नको. आणि पाटल्यांवरनं रागावू नकोस तिच्यावर.

जतची_लेक:
काल बोलले. शेतातनं फोन केला तिनं मुद्दाम. म्हणाली पाटल्या मीच दिल्या, त्यांनी मागितल्या नव्हत्या, बाई रडत आली होती पगारासाठी, तिचं लेकरू आजारी होतं. पण मंगळसूत्र देणार नाही, आणि भावाची फी आधी. ट्रस्टची नोंदणी झालीय, मान्यतेची फाईल मात्र तालुक्याला अडकलीय, त्यासाठी सोमवारी मी पप्पांबरोबर जातेय. रविवारी भक्ती झाल्यावर मंडळीला थांबवून घ्यायचं ठरलंय. हिशोब मम्मी वाचणार आहे.