रोजच्या पिकअपला मड टेरेन टायर: खान्देशात खरंच गरज आहे का?

केळीवाला_किनगाव

मत आधीच सांगतो. जी पिकअप रोज डांबरावर धावते, तिला मड टेरेन (चिखलासाठीचे, रुंद खाचांचे टायर) टाकू नका, ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हीसाठीचे) पुरे. दीड वर्षं आणि ३२ हजार किलोमीटर मड टेरेन वापरून हे लिहितोय.

गाडी फोर बाय फोर, डबल केबिन. किनगावहून डांभुर्णी, विदगावमार्गे जळगाव, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. मातीचा रस्ता म्हणाल तर आमचा शिवरस्ता, दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरपायी मी मड टेरेन घेतले. आदल्या पावसाळ्यात ऑल टेरेनवर गाडी बागेच्या तोंडाशी फसली, आणि कापलेले घड दुसऱ्या दिवसापर्यंत बांधावर पडून राहिले. व्यापाऱ्याने भाव पाडला तो पाडलाच.

मग नवे टायर घालून पुढचा जुलै आला. तीन दिवस झड. गाडी फोर बाय फोरमध्ये टाकली, पन्नास-साठ पावलं गेली आणि बसली. उतरून बघतो तर टायरच्या ठोकळ्यांमधल्या दोन-दोन बोटं रुंद खाचा दिसेनात. काळी माती गच्च भरून टायर नुसता गुळगुळीत गोळा झालेला. विळ्याच्या टोकाने एक खाच कोरली, तर माती मळलेल्या कणकेसारखी सलग निघाली, बाजूंवर रबराच्या कडांचे ठसे जसेच्या तसे. शेवटी ट्रॅक्टरनेच ओढली. ऑल टेरेनलाही ट्रॅक्टरनेच ओढली होती.

म्हणजे ज्या कामासाठी घेतले तिथे फरक शून्य. आणि उरलेल्या ६७ किलोमीटरवर रोजचा त्रास: केबिनमध्ये घुमणारा आवाज, १२ वरून साडेदहावर आलेलं ॲव्हरेज. पण टायर उतरवले ते यामुळे नाही. सप्टेंबरात विदगावच्या तापी पुलावर नुकती भुरभुर होऊन गेली होती. पुढे बिनदिव्याची ट्रॉली. वेग पन्नासच्या आत होता, ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच गेली. थांबली तेव्हा ट्रॉली हातभर अंतरावर होती. शेजारी बायको, मागे मुलगी. दुसऱ्याच दिवशी टायर बदलले.

धडगाव_रोड

दादा, पुलावरचं वाचून काळजात धस्स झालं. पण तुमचा निकाल अख्ख्या खान्देशाला लावू नका.

माझी गाडी अक्कलकुवा, मोलगी, धडगाव अशी चालते. किराणा, खत, हंगामात भगर आणि मोहफुलं, आणि रात्री कुणी दार वाजवलं तर पेशंट. पावसाळ्यात देवगोई घाटात आणि चांदसैली घाटात दरड येते, तेव्हा रस्त्यावर चिखल असतो, पण त्या चिखलात टोकदार दगड असतात. आमची माती तुमच्यासारखी चिकट नाही, मुरमाड आहे. ती खाचेत बसत नाही, टायर फिरला की झडते. तिथे मड टेरेनचा ठोकळा दगडाच्या कडेला अक्षरशः पंजा घालतो.

ऑल टेरेनवर मी एका पावसाळ्यात दोन टायर बाजूने फाडलेत. पंक्चर असतं तर काढता येतं, बाजूची भिंत फाटली की टायर गेला. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा स्टेपनी आधीच लावलेली होती आणि मागच्या सीटवर बाळंतपणाला निघालेली बाई होती. तिथून मोलगीचा दवाखाना नऊ किलोमीटर. समोरून जीप आली म्हणून निभावलं. तेव्हापासून मड टेरेनच. आवाज सहन करतो.

टायरवाला_धुळे

माझं टायरचं दुकान आहे, दोन्ही विकतो. मी बराचसा किनगावकर भाऊंच्या बाजूने आहे, पण कारण नीट समजून घ्या.

मड टेरेनमध्ये खाचा रुंद, म्हणून डांबराला टेकणारं रबर कमी. ऑल टेरेनचे ठोकळे जवळजवळ असतात आणि त्यांच्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावरचा पाण्याचा पातळ थर या चिरा मोडतात. मड टेरेनवर त्या कमी असतात, शिवाय उंच ठोकळा ब्रेक मारताना वाकतो. पुलावर झालं ते हेच.

धडगाववाल्या दादांना एक सांगायचंय. तुमचा टायर बाजूने फाटला तो ऑल टेरेन होता म्हणून नाही, हलक्या बांधणीचा होता म्हणून. टायरच्या साइजआधी किंवा नंतर ‘एलटी’ लिहिलेलं आहे का बघा. एलटी म्हणजे लाइट ट्रक, भरलेल्या मालासाठी जाड बांधणीचा. मड टेरेन बहुतेक याच बांधणीचे येतात, म्हणून लोकांना वाटतं ताकद नक्षीत आहे. एलटी बांधणीचे ऑल टेरेनही मिळतात. गिऱ्हाईक स्वस्तातला साधा ऑल टेरेन घेतं, फाडतं, आणि दोष नक्षीला देतं.

पराटी_अमळनेर

मन्हं मत उलटं शे भाऊ, एक गोट सांगस. पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.

किनगावकर भाऊ, फसली त्या दिवशी टायरात हवा किती होती? मड टेरेनची खाच आपोआप साफ होते हे खरं, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. काळ्या रानात भीत भीत, पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने गेलात तर माती झडणार कशी? मी हवा २० वर आणतो, दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात जातो, मध्ये थांबत नाही. आमचंही काळंच रान आहे. दर वेळी निघतो असं नाही म्हणत, पण दहातल्या सहा वेळा निघतो.

दुसरं, पराटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटण्याऐवजी कापून काढली की जमिनीत जे तिरके खुंट राहतात, ते भाल्यासारखे असतात. त्यावर जाड ठोकळा असलेला बरा.

आणि धुळ्याच्या भाऊ, रुंद खाच पाणी बाहेर फेकते ना? मग ओल्यात वाईट कशी?

टायरवाला_धुळे

साचलेल्या पाण्यातून जोरात जाताना टायर पाण्यावर तरंगतो, तिथे रुंद खाच कामाची, तुमचं बरोबर. पण नुसतं भिजलेलं डांबर, त्यावर धूळ आणि तेल, ही गोष्ट वेगळी. तिथे पाणी फेकायला फारसं नसतंच, रबर टेकायला हवं. आपल्याकडे पहिल्या सरीनंतरचा रस्ता असाच असतो.

खुंटांचं मान्य.

केळीवाला_किनगाव

अमळनेरकर, हवा ३८ होती. वेगाचं तुमचं बोलणं पटतं, मी हळूच नेत होतो. पण परत येताना मागे माल असतो. भरलेल्या गाडीची हवा २० वर आणली तर टायर बसतो, तापतो, रिमवरून सुटायचीही भीती. रिकामी गाडी आत नेण्याचा उपयोग काय, माल बाहेर यायला हवा. आणि एका दमात जायला रस्ता सरळ हवा. आमच्या शिवरस्त्याला दोन काटकोन आहेत आणि कडेला शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या.

मी आता हिशेब मांडून ठेवलाय. गेल्या पावसाळ्यात शिवरस्ता गाडीला बंद होता असे दिवस १९. त्या दिवशी घड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाहेर काढतो, गाडी डांबरावर उभी. ट्रॅक्टरच्या टायरची तिरकी पट्टी बघा, दोन पट्ट्यांत वीतभर मोकळी जागा असते, म्हणून ती माती सोडते. पिकअपच्या टायरला ते कधीच जमणार नाही, नाव काही का असेना. १९ दिवसांसाठी ३४६ दिवस ब्रेक कमजोर ठेवायचा, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा पाणंद रस्त्यावर मुरूम पडावा म्हणून आम्ही सहा शेतकरी पंचायतीच्या मागे लागलोय.

नवीन_पिकअप_शिरपूर

मध्येच विचारतो. माझ्या टायरची साइज २४५/७० आर १६ आहे. २४५/७५ घातले तर उंची वाढेल ना? मग ऑल टेरेनवरच काम भागेल का?

टायरवाला_धुळे

व्यास साधारण २५ मिलिमीटरने वाढेल, म्हणजे गाडी उचलली जाईल त्याच्या निम्मी, सव्वा सेंटिमीटर. तेवढ्याने चिखलात काही होत नाही. उलट स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६२ असेल. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली साइज ठेवा. आणि फोर बाय फोरला चारही टायर सारखेच घाला. पुढे नवे, मागे घासलेले असं करून फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर पळवलीत तर गिअरवर ताण येतो.

धडगाव_रोड

एलटीचं मला माहीत नव्हतं. आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन बघितलं. फाटलेला जुना टायर पडवीत आहे, त्यावर एलटी नाही. लावलेल्या मड टेरेनवर आहे.

तरी मी मड टेरेन सोडणार नाही. दरड उतरलेल्या घाटात चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची असते, तेव्हा मला तो पंजा हवा. माझा वेग घाटात तिशीच्या वर जात नाही, त्यामुळे ब्रेकचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे. पण तळोदा-शहादा रस्त्याला लागलो की आता पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवीन, हे तुमच्या पुलावरच्या प्रसंगामुळे.

दादा, तुम्ही उतरवलेले मड टेरेन कुठे आहेत? साइज काय?

केळीवाला_किनगाव

गोठ्यात झाकून ठेवलेत. २४५/७० आर १६, एलटी आहेत. भिंतीवरचे शेवटचे चार अंक ०९२३, म्हणजे २०२३ च्या नवव्या आठवड्यातले. नवे होते तेव्हा १५ मिलिमीटर नक्षी होती, आता मोजली तर तीन टायरांवर ७, चौथ्यावर साडेसहा. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण तुमच्या घाटात चार-पाचवर आले की काढून टाका. चौथा टायर आतल्या बाजूने जरा जास्त घासलाय, अलाइनमेंट उशिरा केली होती मी. तो स्टेपनीला ठेवा.

धडगाव_रोड

माझीही तीच साइज. रविवारी शिरपूरपर्यंत येतो, तुम्ही तिथवर आणाल का? भाव समोरासमोर बोलू. येताना मोलगीची भगर आणतो घरच्यांसाठी.

केळीवाला_किनगाव

आणतो. सकाळी दहाच्या आत या, दुपारून आभाळ भरतंय सध्या.