सोलापूरहून आईला विमानाने काशीला न्यायचंय: मुंबईमार्गे की हैदराबादहून?

नमस्कार मंडळी,

आईचं वय ७४. काशीला जाऊन जंगमवाडी मठात दर्शन घ्यायचं, ही तिची फार जुनी इच्छा. गुडघ्यांमुळे रेल्वेचा लांबचा प्रवास आता झेपत नाही, म्हणून विमानाने न्यायचं ठरवलंय. गड्ड्याची यात्रा (सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा) उरकली की लगेच, जानेवारीत.

ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालंय, त्यामुळे आधी तोच मार्ग डोक्यात आला. पण अंतरं काढली आणि विचारात पडलो. सोलापूर-काशी सरळ हवाई अंतर साधारण ११२५ किमी. मुंबईमार्गे जायचं तर आधी ३६० किमी उलटं पश्चिमेला आणि तिथून साडेबाराशे किमी. हैदराबाद-काशी हजारच्या आसपास, पण हैदराबादपर्यंत तीनशे किमी गाडीने.

शिवाय ३६० किमीला विमानाला तासभर का लागतो? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर १
दादा, तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि उतरून जागेवर थांबेपर्यंत चालते. जवळच्या प्रवासात बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, पूर्ण वेगाने उडायला फार थोडा मिळतो. त्यात मुंबईवर गर्दी असली की घिरट्या.

मुंबई-काशी सव्वादोन तासांच्या आसपास, हैदराबाद-काशी दोनच्या आसपास. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे मुंबईहून जाताना वेळ वाचतो आणि येताना काही मिनिटं जास्त लागतात.

आईंसाठी खरा प्रश्न मधल्या थांब्याचा आहे. दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढलीत, तर मुंबईत सामान घेऊन पुन्हा जमा करावं लागेल, कदाचित टर्मिनलही बदलावं लागेल. पहिल्याला उशीर होऊन दुसरं सुटलं, तर ते पैसे गेले. एकाच तिकिटावर जमत असेल तरच मुंबई. मी हैदराबाद म्हणेन. उमरगा-जहीराबादमार्गे गेलात की पटणचेरूजवळ बाहेरचा रिंग रोड लागतो, शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

आणि जानेवारी टाळा. तेव्हा काशीकडे दाट धुकं असतं, विमानं तासन् तास रखडतात. फेब्रुवारीत जा, फक्त महाशिवरात्रीची गर्दी चुकवून. बाबतपूरचा विमानतळ गावापासून पंचवीसेक किमीवर आहे, तेवढा वेळ धरा.

धागाकर्ता
ताई, मनापासून आभार. धुक्याची माहिती फार मोलाची. आता फेब्रुवारी आणि हैदराबाद नक्की. आदल्या रात्री शमशाबादजवळ मुक्काम करू म्हणतो. तिथे तळमजल्यावर खोली मिळेल अशी जागा कुणाला माहीत आहे का? आईला जिने चढवत नाहीत.