मदत हवी आहे: स्कूबा डायव्हिंगमध्ये ६ मीटरच्या डेको थांब्यावर (वर येताना अंगातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा थांबा) किती हालचाल करावी?

अंदमानातला ४५ मीटरचा डाइव्ह, तळाशी साधी हवा, २१ मीटरपासून नायट्रॉक्स ५० (५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण). थांब्यांचं गणित बुहलमन पद्धतीने, ग्रेडियंट फॅक्टर (त्यातली सावधगिरीची पातळी) ३०/७०. ३ मिमी सूट. पीएफओ (हृदयाच्या कप्प्यांमधलं जन्मापासून उघडं राहिलेलं छिद्र) तपासलाय, नाही.

तळाशी दमलं की नायट्रोजन जास्त भिनतो, वर आल्यावर वजन उचललं की बुडबुडे वाढतात, हे ठाऊक आहे. म्हणून सिलिंडर पाण्यातूनच बोटीवर देतो. अडलंय मधल्या टप्प्यावर, म्हणजे या थांब्यावर. दोरी धरून निश्चल लटकलं की थंडी वाजते, रक्तप्रवाह मंदावतो. ठाण्याच्या तलावात सावकाश फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) करून पाहिली, तर खोली अर्धा मीटर खालीवर होते आणि श्वास वाढतो. नुसते घोटे-गुडघे फिरवले तर खोली टिकते, पण ऊब येत नाही.

ओहोटीचा प्रवाह असेल तर दोरी सोडता येणार नाही, हेही धरा. अशा वेळी तुम्ही नेमकं काय हलवता, किती वेळाने, आणि श्वास किती वाढला की थांबता?