मदत हवी आहे: एटीव्हीच्या मडगार्डची चीर सांधली तरी पुन्हा उघडते

शेतावरच्या जुन्या एटीव्हीच्या (खडबडीत वाटेवर चालणारी, मोटारसायकलसारखी चारचाकी) मागच्या मडगार्डला कॅरिअरच्या बोल्टपासून साधारण १५ सेंमी चीर गेली आहे. नवा भाग मिळत नाही. आतल्या बाजूला ‘पीई’ कोरलेलं आहे, तुकडा पाण्यात तरंगतोही. म्हणजे पॉलिइथिलीन, एबीएस हे दुसरं प्लास्टिक नव्हे.

आधी सुपरग्लू, मग इपॉक्सी पुट्टी लावली. दोन्ही पापुद्र्यासारखी निघाली; या प्लास्टिकला काही चिकटतच नाही. मग चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं, चीर पुढे जायची थांबली. ते काम मात्र उत्तम झालं. नंतर जुन्या कॅनच्या पट्ट्या सोल्डरिंग आयर्नने वितळवून सांधा भरला. महिनाभर टिकला आणि खडकाळ वाटेवर सांध्याच्या कडेनेच तडकला. कॅनचं प्लास्टिक जास्त कडक असावं, असं वाटतं.

हॉट एअर गन आणि रिव्हेट गन आहे. दिसण्याचं काही नाही, पण कॅरिअरवर चाऱ्याची ओझी जातात, त्यामुळे तिथे थोडी लवचीकता हवीच. फायबरग्लास सुचवू नका, तेही यावर धरत नाही.

आतून स्टीलची बारीक जाळी वितळवून बसवू, की ॲल्युमिनियमची पट्टी मोठे वॉशर घालून रिव्हेट करू? रिव्हेटच्या भोकांपासून नवी चीर जाते का?