सिंथचा गांधार जुळला, पण कॉर्ड बदलली की धैवत बिघडतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात बाड्याजवळ राहतो. वरच्या खोलीत लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), एक मिडी कीबोर्ड आणि सर्ज एक्सटी हा मोफत मिळणारा सॉफ्टवेअर सिंथ (सिंथेसायझर), एवढ्यावर काम चालतं. आईचा यमनचा आलाप रेकॉर्ड केलाय आणि त्याभोवती पॅड (सिंथचे लांब धरलेले स्वर) आणि खर्जातला बेस बांधतोय. तिचा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी).

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "गांधार चढा लागतोय रे तुझा." बरोबरच होतं. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार सा-पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग), सिंथचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक, पण लांबवलेल्या पॅडमध्ये तो सतत टोचतो.

मग स्काला फाइल (सिंथला प्रत्येक स्वराचं सा-शी प्रमाण सांगणारी) केली: रे ९/८, ग ५/४, तीव्र म ४५/३२, प ३/२, ध ५/३, नी १५/८. सा-ग-प धरलं आणि आई आपणहून गायला लागली. इतका आनंद मला या खोलीत कधी झाला नव्हता.

आता अडचण. रे-तीव्र म-ध ही कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) घेतली की रे ते ध अंतर शुद्ध सा-प अंतराएवढ्या ७०२ ऐवजी ६८० सेंट भरतं आणि पॅड थरथरतो. ध २७/१६ केला तर रे-शी जुळतो, पण ध आणि वरचा ग यांच्यात तेवढीच तूट येते. सिंथच्या मूळच्या समान स्वरांतरांकडे परत जायचं नाहीये. कुणी यातून वाट काढली आहे का?

प्रतिसाद
तुमचं काही चुकलेलं नाही, एकाच धैवताकडून दोन्ही कामं होणारच नाहीत. दोन ट्रॅक घ्या, दोन्हींवर सर्ज. फाइल तीच, फक्त ध वेगळा, आणि कॉर्ड ज्या धैवताची त्या ट्रॅकवर वाजवा. पॅडवर युनिसन किंवा कोरस (एकाच स्वराच्या किंचित सरकलेल्या प्रती मिसळणारे) असेल तर आधी बंद करा, ऑसिलेटरचा ड्रिफ्ट (स्वराचं आपोआप हलणं) हाही शून्यावर आणा. नाहीतर तुमचे चौदा सेंट त्यातच वाहून जातात. आणखी एक, ए = ४४० हर्ट्झ या प्रचलित जुळणीच्या हिशोबाने काळी चार २०७.६५ हर्ट्झ येते, पण घरचा तंबोरा नेमका तिथे असेलच असं नाही. तो मोजून मॅपिंगच्या फाइलमध्ये (कोणती पट्टी किती हर्ट्झवर हे सिंथला सांगणारी) तोच आकडा घाला.

धागाकर्ता
मनापासून आभार. खरोखरच युनिसन चालू होतं! दोन ट्रॅकवर रे-ध स्वच्छ जुळले. पण आई तिथे धैवतावर थांबते आणि तिचा ध या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. म्हणून तेवढ्या जागी पॅडचा ध काढलाय, खाली नुसते रे आणि तीव्र म ठेवलेत. उद्या रात्री रस्ता शांत झाला की तिला परत गायला बसवतो.